रंगपट्टी

सोहारच्या कारखान्यात पहाटेचे साडेचार.
एसी दात वाजवतोय,
माझ्या पडद्यावर समुद्र उघडतोय हळूहळू,
एकाहत्तर टक्के. इथे नेहमीच अडकतो.

सव्वीस लाख खणांची जाळी,
खणाखणात एक आकडा: पाणी किती खारट.
नुसते आकडे कुणी बघत नाही,
म्हणून त्यांना रंग चढवायचे.
पगार त्याचाच.

शहराला गोडं पाणी देऊन
उरलेलं दाट, कडू पाणी
आम्ही नळीने परत सोडतो समुद्रात.
ते जड असतं. वर येत नाही,
तळाशी सरपटत जातं
आंधळ्या जनावरासारखं,
उताराचा वास घेत.

वरून पाहिलं तर काही नाही. निळं.
मग मी समुद्र उभा चिरते,
माऊसने, अलगद,
पापलेट चिरावं तसा.
आणि तळाला, नळीपासून
पार आठशे मीटरपर्यंत
लाल जीभ.

कुरियन साहेब चहा घेऊन मागे उभे.
वाईट माणूस नाही. दोन मुलींच्या फिया,
गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललेलं.
म्हणाले, "पट्टी सदतीसपासून बेचाळीसपर्यंत कशाला?
शून्यापासून सत्तर कर ना.
आकडे तेच राहतात."

केलं.
आकडे तेच राहिले.
जीभ गेली.
सगळा समुद्र हिरवागार,
शेवाळलेल्या हौदासारखा,
आणि साहेबांचा श्वास मोकळा झालेला
मला पाठीवर कळला.

दुपारी खल्फान आला, तक्रारीचा कागद घेऊन.
त्याचीही जाळी, तारेची, घुमटासारखी,
गरगूर म्हणतात तिला,
तळाशी ठेवायची, तीन दिवसांनी उचलायची.
तीन आठवडे रिकामी.
एकदा एक खेकडा आला, तोही मेलेला.

मी त्याला हिरवं चित्र दाखवलं.
त्याने चष्मा लावला, काढला,
पुन्हा लावला.
"ये कौन सा समुंदर? घास का?"
मग हाताचा पंजा पालथा करून
टेबलावरून सरकवत नेला,
हळू, दाबून, उताराकडे.
"नीचे पानी मोटा है, बेटी."

सव्वीस लाख खण, बत्तीस प्रोसेसर,
अकरा तासांचं गणित,
आणि त्याचा पंजा
नेमका माझ्या जिभेच्या वाटेने गेला.

आमच्या पेणच्या खाजणात
बाबा बांधावर उकिडवे बसायचे,
मिठागराच्या शेवटच्या कोंडीकडे बघत.
हातात ना मीटर, ना कागद.
"पान्याला लाली चरली
का मीठ धरला समज."
किती खारट म्हणजे किती लाल
ही पट्टी त्यांनी बनवली नव्हती.
पाण्यानेच काढलेली, उन्हात,
तिची टोकं कुणाला ओढता येत नव्हती.

काल फोनवर सांगत होते,
आगर विकलं, तिथे गोदाम होणार.
मग विचारलं,
"तुमी समुंदराचा पानी गोरा करता ना?
मंग मीठ कोन उचलतं?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय बाबा.
आवाज तुटत नव्हता.

रात्री परत सगळं उघडलं.
सदतीस. बेचाळीस.
इंद्रधनुष्य काढून टाकलं, त्यात पिवळा उगाच ओरडतो.
एकच रंग ठेवला, फिका गुलाबी
ते गडद, कोंडीतल्या पाण्याचा.
उभा छेद, तासातासाचा, पंधरा दिवसांचा,
आणि पट्टी मोठ्या अक्षरांत चित्राच्या आत,
कापून काढता येऊ नये अशी.

पाठवून दिलं.
साहेबांचं उत्तर नाही.
दोन निळ्या खुणा तेवढ्या आल्यात.

बाहेर वारा पडलाय. किनाऱ्यावर
खल्फान होडी ढकलतोय, गरगूर रिकामा,
आणि माझ्या मनगटावर
घड्याळाच्या पट्ट्याखाली
घाम सुकून पांढरी रेघ उमटलीय.
मी ती चाटून बघते.
किती, ते सांगता येत नाही.